देवांना विचारलेला प्रश्न : केवट्टसुत्त आणि जगातील दैवतकथा

जगातील देवदेवतांची ओळख करून देणारी पुस्तके पुष्कळ आहेत. त्यांची मांडणी बहुधा खातेवाटपासारखी असते. सूर्य कोणाकडे, पाऊस कोणाकडे, युद्ध, धान्य, मृत्यू आणि प्रसूती कोणाकडे, याची देशवार नोंद केलेली असते. इजिप्तचा रा, बाबिलोनचा मर्दुक, ग्रीकांचा झ्यूस, जपानची आमातेरासू अशी नावे एकामागून एक येतात आणि भारताच्या पानावर इंद्र, विष्णू, शिव, काली यांच्या रांगेत एखाद्या वेळी गौतम बुद्धाचेही नाव आढळते. संकलकाचा हेतू वाईट असतो असे नाही. बुद्धाची मूर्ती आहे, तिच्यापुढे फुले वाहिली जातात, दिवे लावले जातात, एवढ्यावरून त्याने आपला निष्कर्ष काढलेला असतो. परंतु चूक केवळ संकलकाची आहे असे म्हणून आपली सुटका होत नाही. तोच निष्कर्ष काढण्यास पुरेसा पुरावा आपल्या वस्त्यांतही मिळू शकतो.

याच्या जोडीला आणखी एक अडचण आहे. त्रिपिटकात देव आहेत. ब्रह्मा आहे, सक्क म्हणजे इंद्र आहे, यक्ष आहेत, मार आहे. धम्मदीक्षेनंतरच्या पिढीतील अभ्यासू तरुण पहिल्यांदा दीघनिकाय हाती घेतो तेव्हा ठिकठिकाणी भेटणारे हे देव पाहून तो गोंधळतो. ज्या प्रतिज्ञांनी आपण देव नाकारले त्यांच्याशी हे ग्रंथ जुळतात कसे, असा प्रश्न त्याला पडतो. त्याला दोन उत्तरे दिली जातात. हा सर्व भाग उत्तरकालीन भर आहे, तो वगळून वाचावा, हे एक उत्तर. हे देव खरेच आहेत, त्यांच्याविषयी श्रद्धा बाळगण्यास हरकत नाही, हे दुसरे. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे कथेला कथा म्हणून वाचत नाहीत. कथेत एखादे पात्र असणे आणि त्या पात्राची सत्ता मान्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देवाला कथेत आणून त्याच्याकडून काय करवून घेतले, हे पाहिल्याशिवाय त्या कथेचा अभिप्राय कळत नाही. प्रस्तुत लेखात जगातील काही दैवतकथा आणि दीघनिकायातील केवट्टसुत्त यांची या दृष्टीने तुलना करावयाची आहे. इतरत्र देव हा प्रश्न मिटवणारा असतो. बौद्ध कथेत त्यालाच प्रश्न विचारला जातो. या फरकातच बौद्ध कथेचे सामर्थ्य आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

देवांना माणूस कशाला हवा?

दैवतकथा वाचताना आपण सहसा देवाची शक्ती पाहतो. त्याऐवजी त्याची गरज पाहिली तर कथेचे मर्म लवकर हाती लागते. देवाने माणूस का निर्माण केला, हा प्रश्न जुन्या कथांना विचारला असता त्या आश्चर्य वाटावे इतके मोकळेपणाने उत्तर देतात.

मेसोपोटेमियातील अत्राहासिसच्या काव्याची इ.स.पू. १७ व्या शतकातील प्रत मातीच्या पाट्यांवर मिळाली आहे. त्या कथेत आरंभी माणूस नाही, फक्त देव आहेत. पण देवांतही वरचे आणि खालचे असे दोन वर्ग आहेत. खालच्या देवांना नद्या आणि कालवे खणावे लागतात. शेकडो वर्षे राबून ते थकतात, अवजारे जाळतात आणि रात्रीच्या वेळी एनलिलच्या वाड्याला वेढा घालतात. जगाच्या वाङ्मयातील हा फार जुना संप होय. त्यावर तोडगा असा निघतो की एका देवाचा वध करावा, त्याचे रक्तमांस मातीत कालवून माणूस घडवावा आणि कष्टाचा भार त्याच्या खांद्यावर द्यावा. देवांचा संप मिटतो तो माणसाला वेठीला धरून. पुढे माणसांची संख्या वाढते, त्यांच्या गलबल्याने एनलिलची झोप मोडते, म्हणून रोगराई, दुष्काळ आणि शेवटी महापूर पाठवला जातो. पुरानंतर नैवेद्य देणारे कोणी उरले नाही म्हणून देव भुकेने व्याकूळ होतात आणि वाचलेल्या माणसाने यज्ञ करताच ते माश्यांसारखे त्याभोवती जमतात.

बाबिलोनचे सृष्ट्युत्पत्तीचे काव्य ‘एनूमा एलिश’ हे सात पाट्यांचे आहे. त्यात मर्दुक हा तियामत या आदिमातेला ठार करून तिच्या देहाचे दोन भाग करतो, त्यांतून आकाश आणि पृथ्वी रचतो, आणि तिच्या पक्षातील किंगूच्या रक्तापासून माणूस तयार केला जातो. प्रयोजन तेच : देवांची सेवा. हे काव्य नववर्षाच्या उत्सवात चौथ्या दिवशी बाबिलोनच्या मंदिरात म्हटले जाई. त्याच उत्सवात राजाच्या सत्तेचेही नूतनीकरण होत असे. देवाचा विजय, राजाचा अधिकार आणि प्रजेचे राबणे या तीन गोष्टी एकाच उत्सवात गुंफल्या गेल्या होत्या.

जपानमध्ये इ.स. ७१२ साली तयार झालेल्या ‘कोजिकी’ या ग्रंथात राजघराण्याचा वंश थेट आमातेरासू या सूर्यदेवतेपर्यंत नेऊन भिडवलेला आहे. त्या वंशावळीचा राजकीय उपयोग विसाव्या शतकापर्यंत होत राहिला. महायुद्धातील पराभवानंतर १ जानेवारी १९४६ रोजी सम्राट हिरोहितो यांच्या घोषणेत सम्राट हा देव असल्याची कल्पना खोटी असल्याचे सांगावे लागले. एका कथेची किंमत किती मोठी असू शकते, याचे हे उदाहरण अगदी अलीकडचे आहे.

आपल्या वाचकांना या ठिकाणी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्ताची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथेही एका देहाचे तुकडे करून सृष्टी रचली जाते. परंतु बाबिलोनच्या कथेहून हे सूक्त एका बाबतीत पुढे जाते. बाबिलोनच्या कथेत कष्ट सर्व मानवजातीच्या वाट्याला येतात; पुरुषसूक्तात मुख, बाहू, मांड्या आणि पाय अशी माणसांचीच उतरंड लावली जाते. बाबासाहेबांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या शूद्रांविषयीच्या ग्रंथाचा आरंभ याच सूक्ताच्या चिकित्सेने केला. समाजात वर्ग सर्वत्र असतात. पण त्या विषमतेला ईश्वरी आदर्शाचे रूप देणे ही वेगळी गोष्ट आहे, हा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. जगातील दैवतकथांशेजारी ठेवून पाहिले असता तो अधिकच पटतो.

झाकलेली दृष्टी

देवाच्या गरजेनंतर दुसरा प्रश्न असा की देव माणसापासून काय लपवतो? मध्य अमेरिकेतील किचे माया लोकांचा ‘पोपोल वुह’ हा ग्रंथ या दृष्टीने फार बोलका आहे. स्पॅनिश आक्रमणानंतर १६ व्या शतकात तो लॅटिन लिपीत लिहून ठेवला गेला. त्यात देव आधी प्राणी निर्माण करतात. पण प्राण्यांना देवांची नावे उच्चारता येत नाहीत, म्हणून त्यांच्या नशिबी भक्ष्य होणे येते. मग मातीची माणसे, नंतर लाकडाची माणसे होतात. तीही देवांचे स्मरण ठेवीत नाहीत म्हणून नष्ट केली जातात. शेवटी मक्याच्या पिठापासून चार माणसे घडतात आणि ती उत्तम जमतात. इतकी उत्तम, की त्यांना सर्व काही दिसू लागते. डोंगराआडचे, दूरचे, आकाशातले, सगळे. देव चिंतेत पडतात. निर्मिलेली माणसे निर्मात्याच्या बरोबरीची झाली तर कसे व्हावे? तेव्हा आरशावर फुंकर मारताच तो जसा धुरकटतो तसे त्या माणसांचे डोळे धुरकट केले जातात आणि त्यांना जवळचे तेवढेच दिसू लागते.

ग्रीक कवी हेसिअड याने इ.स.पू. ७०० च्या सुमारास सांगितलेली प्रोमेथ्यूसची कथा याच जातीची आहे. झ्यूस माणसापासून अग्नी रोखून धरतो. प्रोमेथ्यूस तो चोरून आणून देतो. त्याला साखळदंडांनी जखडले जाते आणि गरुड त्याचे यकृत कुरतडतो. माणसांना शिक्षा म्हणून स्त्री पाठवली जाते. ज्ञानाची चोरी करावी लागते आणि तिचा दंड स्त्रीच्या नावे लिहिला जातो, अशी ही कथा आहे.

या कथांना वाङ्मय म्हणून मी कमी लेखत नाही. उलट, त्या रचणाऱ्यांनी आपल्या समाजाचे सत्य फारसे झाकले नाही, हे त्यांचे मोठेपण आहे. राबणाऱ्याला राबण्याचे कारण सांगितले पाहिजे आणि पाहणाऱ्याची दृष्टी मर्यादित ठेवली पाहिजे, हे प्रत्येक सत्तेचे सूत्र त्यांनी देवांच्या तोंडी घालून उघड केले. परंतु त्या कथांच्या आत उभे राहून देवाला जाब विचारणारा कोणी नाही. प्रोमेथ्यूस बंड करतो. पण झ्यूस किती जाणतो, याची परीक्षा घेण्याचा अधिकार माणसाला मिळत नाही.

महाब्रह्मा भिक्खूला बाजूला नेतो

आता केवट्टसुत्ताकडे वळू. दीघनिकायातील हे अकरावे सुत्त. स्थळ नालंदा, पावारिकाचे आम्रवन. केवट्ट नावाचा गृहस्थ तथागतांना विनंती करतो की नालंदा समृद्ध आहे, लोकवस्ती मोठी आहे. एखाद्या भिक्खूने येथे चमत्कार करून दाखवला तर लोकांची श्रद्धा वाढेल. आजच्या भाषेत केवट्ट हा धम्माचा हितचिंतक आणि प्रचारक आहे. तथागत नकार देतात. पाटिहारिय तीन प्रकारचे असते : ऋद्धीचे, परचित्त ओळखण्याचे आणि अनुशासनाचे म्हणजे शिकवणीचे. पहिल्या दोहोंत आपल्याला दोष दिसतो, त्यांची आपल्याला लाज आणि किळस वाटते, असे ते स्पष्ट सांगतात. त्यानंतर ते एक कथा सांगतात.

एका भिक्खूच्या मनात प्रश्न येतो : पृथ्वी, आप, तेज, वायू ही चार महाभूते निःशेष कोठे निरुद्ध होतात? उत्तरासाठी तो देवलोकात जातो. चातुम्महाराजिक देवांना विचारतो. ते म्हणतात, आम्हाला ठाऊक नाही, आमच्याहून श्रेष्ठ असे चार महाराजे आहेत, त्यांना विचारा. महाराजे त्याला तावतिंस देवांकडे पाठवतात, ते सक्काकडे, सक्क पुढे याम देवांकडे. असा तो पायरी पायरीने वर जात राहतो. सरकारी कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर पाठवल्या जाणाऱ्या माणसाचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना या रचनेतील विनोद समजावून सांगण्याची गरज नाही. प्रत्येक टप्प्यावर शब्द तेच, नकार तोच, आणि वरच्याविषयीचा आदरही तोच. पाली सुत्तांतील पुनरुक्तीला पुष्कळ वाचक कंटाळतात. येथे मात्र पुनरुक्ती हेच शस्त्र आहे. देवलोकाची सारी उतरंड अज्ञानाची आहे आणि ती टिकून आहे ती ‘वरच्याला ठाऊक असेल’ या एका समजुतीवर, हे त्या आवर्तनातूनच मनावर ठसते.

अखेर ब्रह्मलोकात महाब्रह्मा प्रकट होतो. भिक्खू प्रश्न विचारतो. उत्तरादाखल महाब्रह्मा आपल्या पदव्या ऐकवतो : आपण अजिंक्य, सर्वदर्शी, कर्ता, निर्माता, झालेल्या आणि होणाऱ्या सर्व जीवांचा पिता आहोत. भिक्खू शांतपणे म्हणतो की आपण कोण आहात हे मी विचारलेच नव्हते. महाभूते कोठे निरुद्ध होतात ते सांगावे. पुन्हा पदव्या. पुन्हा प्रश्न. तिसऱ्यांदा विचारल्यावर महाब्रह्मा त्याचा हात धरून त्याला एका बाजूला नेतो आणि हळूच सांगतो की या देवांचा असा समज आहे की मला न दिसलेले, मला न कळलेले असे काही नाही. म्हणून त्यांच्यासमोर मी बोललो नाही. खरे म्हणजे मलाही ते ठाऊक नाही.

जागतिक दैवतकथांत या प्रसंगाला तोड मिळणे कठीण आहे. देव युद्धात हरतात, फसतात, मरतातही. उत्तर युरोपातील कथांमध्ये तर सगळ्या देवांच्या विनाशाचे भाकीत आहे. परंतु देवाला अवघड करून सोडणारा साधा प्रश्न, आणि त्यापुढे चारचौघांत ओशाळलेला निर्माता, हे दृश्य निराळे आहे. महाब्रह्म्याचे अज्ञान हा या कथेतील खरा दोष नव्हे. सर्वज्ञ कोणीच नसतो. दोष आहे तो भक्तांसमोर अज्ञान कबूल न करण्याचा. भक्तांच्या समजुतीवर त्याचे पद टिकले आहे आणि पद टिकावे म्हणून ती समजूत त्याला जपावी लागते. देव आणि भक्त परस्परांचे कैदी आहेत. हे गुपित ज्याला सांगितले जाते तो एक प्रश्न न सोडणारा माणूस आहे.

कथा येथे संपत नाही, हेही महत्त्वाचे. भिक्खू परत येतो तेव्हा तथागत त्याला समुद्रावरील नाविकांच्या पक्ष्याची उपमा देतात. किनारा शोधण्यासाठी सोडलेला पक्षी चारी दिशांना फिरतो आणि जमीन न दिसल्यास जहाजावरच परत येतो. नंतर ते प्रश्नाचेच रूप दुरुस्त करतात आणि चौकशीची दिशा विज्ञानाकडे, म्हणजे जाणिवेकडे वळवतात. देवाकडे उत्तर नव्हते. शिवाय प्रश्नही नीट विचारला गेला नव्हता. शिकवणीचे पाटिहारिय कशाला म्हणतात, ते येथे दिसते.

रिकामे विमान

देव खोटा पडला एवढे दाखवून भागत नाही. तो निर्माण कसा झाला, हेही सांगावे लागते. दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजालसुत्तात, त्याचे विवेचन आहे. विश्वाचा पुन्हा विस्तार होऊ लागतो तेव्हा ब्रह्मविमान रिकामे असते. एक जीव तेथे प्रथम जन्मतो. दीर्घकाळ एकटा राहून त्याला करमेनासे होते आणि दुसरे कोणी यावे अशी इच्छा होते. त्याच वेळी इतर जीव आपापल्या कारणांनी तेथे जन्म घेतात. पहिल्याला वाटते, मी इच्छा केली म्हणून हे आले. मी यांचा निर्माता. नंतरच्यांना वाटते, हा आमच्या आधीपासून येथे आहे. यानेच आम्हाला निर्मिले. आधी आणि नंतर या क्रमालाच कारण आणि कार्य मानण्याची ही चूक आहे. तिच्यात कोणी लबाडी केलेली नाही. एकटेपणा, इच्छा आणि योगायोग एवढ्या सामग्रीतून निर्माता ईश्वर तयार होतो. आधुनिक मानसशास्त्राच्या कितीतरी शतके आधी ईश्वरकल्पनेची अशी मीमांसा व्हावी, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

मात्र जेथे लबाडी आहे तेथे सुत्ते ती लपवीत नाहीत. अग्गञ्ञसुत्तात ब्रह्म्याच्या मुखातून जन्मल्याचा दावा करणाऱ्यांना तथागत आठवण देतात की ब्राह्मण स्त्रियाही ऋतुमती होतात, गर्भ धारण करतात, प्रसूत होतात आणि मुलांना पाजतात. पुरुषसूक्तावरील हे सर्वांत थोडक्यातले भाष्य असावे. त्याच सुत्तात राजसत्तेचा उगम माणसांच्या संमतीत दाखवला आहे. राजा हा लोकांनी निवडलेला महासंमत आहे. कोजिकीची वंशावळ याच्या शेजारी ठेवून पाहावी.

यावर एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. देवांविषयी शंका इतरांनीही घेतली नव्हती काय? ग्रीक विचारवंत झेनोफेनीस याने इ.स.पू. ६ व्या शतकातच दाखवून दिले होते की प्रत्येक लोकसमूह आपल्या रंगरूपाचे देव कल्पितो आणि बैलघोड्यांना चित्रे काढता आली असती तर त्यांनी आपल्यासारखेच देव काढले असते. ऋग्वेदातील नासदीय सूक्ताचा शेवटही, सृष्टीचे रहस्य वरच्या अध्यक्षालाही ठाऊक असेल की नाही, अशा शंकेवर होतो. ही दोन्ही उदाहरणे थोर आहेत. तथापि झेनोफेनीस अखेर एका श्रेष्ठ देवापाशी थांबला. आणि नासदीय सूक्ताचे काय झाले? शंकेचे सूक्त आणि पुरुषसूक्त ही दोन्ही एकाच मंडलात आहेत. शंका कवितेत राहिली. उतरंड गावच्या पाणवठ्यावर आली. शंका घेणे आणि त्या शंकेवर जीवनपद्धती उभारणे यांत जे अंतर आहे ते तथागतांनी ओलांडले. संघात प्रवेश घेणाऱ्याला जन्म आणि वर्ण मागे ठेवावा लागे. म्हणून केवट्टसुत्तातील विनोदाला आचाराचा आधार आहे.

बाबासाहेबांनी याच मार्गाने देवांना प्रश्न विचारले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये देवांचा उदय आणि अस्त का घडवला गेला, देवांना बाजूला सारून देवींना का बसवले गेले, असे प्रश्न आहेत. त्या ग्रंथावरून उठलेले वादळ पाहिले की महाब्रह्म्याने भिक्खूला बाजूला का नेले, ते उमगते. चारचौघांत प्रश्न विचारला जाणे हेच देवांना आणि देवांच्या रखवालदारांना परवडत नाही. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये मात्र बाबासाहेबांनी ब्रह्मा सहंपतीचा प्रसंग वगळलेला नाही. ईश्वरश्रद्धा हा धम्माचा भाग नव्हे असे ठामपणे मांडणाऱ्या ग्रंथातही हे पात्र राहू शकले. कथेतील पात्र आणि पूजेतील देव यांतील भेद त्यांना स्पष्ट होता.

हारीतीचे दुःख

येथवर देवांचा विचार झाला; आता एका देवीचा. मूलसर्वास्तिवादी विनयात हारीतीची कथा आहे. राजगृहातील ही यक्षिणी पाचशे मुलांची आई. पण ती नगरातील मुले पळवून खाते. तथागत तिचे धाकटे मूल आपल्या भिक्षापात्राखाली लपवतात. ती वेड्यासारखी सर्वत्र शोधत फिरते आणि शेवटी त्यांच्यापुढे येते. तथागत तिला विचारतात की पाचशेंतले एक हरवले तर तुझी ही अवस्था. ज्यांना एक किंवा दोनच मुले होती आणि ती तू खाल्लीस, त्यांचे काय झाले असेल? ती शीले ग्रहण करते. तिच्या मुलांच्या अन्नाची चिंता संघ वाहतो.

ग्रीकांच्या दिमीतर या धान्यदेवतेचे दुःखही मुलीच्या वियोगाचे आहे. पाताळाच्या राजाने पर्सेफोनीला पळवून नेले तेव्हा दिमीतर पृथ्वीवर धान्य उगवू देत नाही. माणसे उपाशी मरू लागतात. पण झ्यूस हलतो तो यज्ञ थांबतील या भीतीने. शेवटी वर्षाचा एक तृतीयांश भाग मुलीने पाताळात काढावा असा तह होतो. ही कथा सुंदर आहे. तीत आईचे दुःख सत्तेला नमवते. परंतु त्या दुःखाची किंमत ज्या परक्या आयांनी मोजली, त्यांची आठवण दिमीतरला कोणी करून देत नाही. हारीतीच्या कथेत नेमकी तीच आठवण करून दिली जाते. स्वतःच्या दुःखातून दुसऱ्याचे दुःख ओळखणे, म्हणजे करुणा, हे तिचे परिवर्तन होय. तिला मारले जात नाही, बांधले जात नाही. तिला एक प्रश्न विचारला जातो.

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात मुख्य गाभाऱ्याशेजारी हारीती आणि पांचिक यांचे शिल्प आहे. वरच्या एका बाजूस ती क्रोधाने चालून येताना दिसते, दुसऱ्या बाजूस शांत होऊन तथागतांपुढे बसलेली दिसते. खालच्या पट्टीत मुले आहेत आणि त्यांना शिकवणारा शिक्षक आहे. इ.स. ५ व्या शतकाच्या उत्तरार्धातील त्या शिल्पकाराने कथा अचूक ओळखली होती.

पण येथेच आपल्याला सावध करणारी गोष्टही आहे. ७ व्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्खू इत्सिंग नोंदवतो की विहारांतून हारीतीची प्रतिमा असे, तिच्यापुढे रोज अन्न ठेवले जाई आणि अपत्यहीन माणसे तिच्याकडे मागणे मागत. म्हणजे प्रश्न विसरला गेला आणि कोनाडा उरला. जिला तथागतांनी शिकवले तिलाच पुन्हा नवस सुरू झाला. आज कार्ल्याच्या चैत्यासमोर एकवीरेचे मंदिर आहे आणि लेण्याद्रीच्या विहारात गणपती आहे. या स्थित्यंतरांची ऐतिहासिक कारणे अनेक आहेत आणि सर्व दोष बाहेरच्यांवर टाकणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. विहारात मागणे मागण्याची सवय आधीच रुळलेली असेल, तर पुढे मूर्ती बदलण्यास फार कष्ट पडत नाहीत.

देव्हाऱ्याची जागा

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या हजारो घरांतील देव्हारे रिकामे झाले. त्या धैर्याला जगाच्या धर्मेतिहासात फार थोडी उदाहरणे आहेत. पण ब्रह्मजालसुत्त सांगते की रिकाम्या विमानात एकटेपणा आणि इच्छा यांतून नवा निर्माता तयार होतो. देव्हाऱ्याच्या जागी बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली, हे योग्यच झाले. त्या तसबिरीपुढे उभे राहून आपण काय करतो, हा प्रश्न मात्र रोजचा आहे. परीक्षेतील यश, मुलाची नोकरी, आजारातून सुटका यांसाठी तेथे हात जोडले जात असतील, तर बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असूनही आपण बुद्धाला अवतारांच्या रांगेत उभे करतो, आणि मग त्या संकलकाला दोष देण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही. अशी प्रार्थना करणाऱ्या आईला मी हसणार नाही. तिचे दुःख हारीतीच्या दुःखाइतकेच खरे आहे. ते जाणून घेऊन तिच्याशी बोलण्याचे काम विहाराचे आहे.

म्हणून त्रिपिटकातील देव वगळू नयेत आणि त्यांना हारही घालू नयेत. ते वाचावेत. मुलांच्या धम्मवर्गात केवट्टसुत्ताची कथा सांगावी. महाब्रह्मा भिक्खूचा हात धरून त्याला बाजूला नेतो त्या ठिकाणी मुले हसतील, त्यांना हसू द्यावे. त्याबरोबर मर्दुकाची, प्रोमेथ्यूसची, मक्याच्या माणसांचीही कथा सांगावी आणि प्रत्येक कथेच्या शेवटी विचारावे : या देवाला माणूस कशासाठी हवा होता? त्याने काय लपवले? त्याला ठाऊक नसलेले काही होते काय? जी मुले हे तीन प्रश्न विचारण्यास शिकतील, त्यांच्या डोळ्यांवर फुंकर मारणे कोणत्याही देवाला सोपे जाणार नाही.